नायसिनची लाली आणि ॲलर्जीचा आळ

नायसिनची पाचशे मिलिग्रॅमची गोळी रिकाम्या पोटी घेतली की वीसेक मिनिटांत चेहरा, मान आणि छाती लालभडक होते. कानशिले तापतात, कातडीखाली मुंग्या धावतात, कधी खाजही सुटते. तास-दीड तासात सारे ओसरते. मात्र तेवढ्या वेळात एक निदान होऊन बसते: नायसिनची ॲलर्जी! पुढे ते प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगितले जाते, फायलीवर लाल शाईने लिहिले जाते, आणि बी-कॉम्प्लेक्सची साधी गोळीसुद्धा त्या घरात वर्ज्य ठरते.

हे निदान केवळ घाबरलेल्या माणसांचे असते, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण लोकप्रिय आरोग्यमाहितीतही हेच विधान शब्द बदलून पुन्हा पुन्हा छापले जाते: नायसिनमुळे शरीरात हिस्टामिन सुटते, म्हणून ॲलर्जी असणाऱ्यांचा त्रास वाढू शकतो. याच गृहीतकावर उभी राहून नेमका उलटा निष्कर्ष काढणारी दुसरी मंडळीही आहेत. त्यांच्या मते नायसिन शरीरात साठलेले हिस्टामिन उपसून बाहेर काढते, म्हणून ते ॲलर्जीवरचे औषधच होय. एक पक्ष नायसिनला दोषी ठरवतो, दुसरा त्याची आरती करतो. पाया मात्र दोघांचा एकच आहे. तो पायाच कच्चा आहे, असे माझे म्हणणे आहे. पुरावा पुढे ठेवतो. निवाडा वाचकांनी करावा.

वादाला बसण्यापूर्वी आरोपीची ओळख पटवून घेतली पाहिजे, कारण या प्रकरणातला अर्धा घोळ तिथेच आहे. नायसिन किंवा जीवनसत्त्व बी-३ या नावाखाली दोन वेगळी रसायने विकली जातात: निकोटिनिक ॲसिड आणि निकोटिनामाइड, ज्याला नायसिनामाइडही म्हणतात. जीवनसत्त्व म्हणून दोन्हींचे काम सारखेच. पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग दोन्हींनी बरा होतो. पण लाली आणते ते निकोटिनिक ॲसिड. निकोटिनामाइड आणत नाही. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बी-कॉम्प्लेक्सच्या बहुतेक गोळ्यांत निकोटिनामाइड असते. म्हणजे ज्या गोळीला भिऊन घर दूर राहते, तिच्यात लाली आणणारे रसायन बहुधा नसतेच. (त्या गोळीनंतर लघवी पिवळीजर्द होते, तीही नायसिनमुळे नव्हे. तो रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ चा रंग आहे, आणि तो निरुपद्रवी आहे.)

आता पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडण्यात पुरुषार्थ नाही, म्हणून त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडतो.

पूर्वपक्षाचा पहिला आधार दिसण्याचा. लाली, उष्णता आणि खाज ही तिन्ही लक्षणे ॲलर्जीतही असतात. अंगावर पित्त उठते तेव्हा माणूस असाच लाल होतो, असाच खाजवतो. दुसरा आधार तर्काचा. ॲलर्जीत मास्ट पेशी फुटतात आणि हिस्टामिन सांडते. हिस्टामिनने रक्तवाहिन्या रुंदावतात. नायसिननेही रक्तवाहिन्या रुंदावतात. तेव्हा नायसिनही मास्ट पेशीच फोडत असणार. तिसरा आधार अधिकाराचा. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ अब्राम होफर यांनी मोठ्या मात्रेतले नायसिन रुग्णांना वर्षानुवर्षे दिले, आणि लालीचा अर्थ त्यांनी हिस्टामिनची सुटका असाच लावला. होफर हे कोणी ऐरेगैरे नव्हेत. नायसिनने कोलेस्टेरॉल उतरते, हे 1955 साली जगासमोर आणणाऱ्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी ते एक. चौथा आधार आजच्या काळातला, आणि माझ्या मते सर्वांत भक्कम. नायसिनच्या लालीत प्रोस्टाग्लँडिन डी-२ नावाचे द्रव्य सुटते, हे आता सर्वमान्य आहे. आणि ॲलर्जीत मास्ट पेशींतून सुटणारे प्रमुख प्रोस्टाग्लँडिन तेच आहे. एकच द्रव्य दोन्हींकडे सापडले, मग नाते नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो.

दिसण्याच्या आधाराला फार वेळ देण्याचे कारण नाही. कांदा चिरताना डोळ्यांतून घळाघळा पाणी येते, नाक वाहते. म्हणून कोणी स्वतःला कांद्याची ॲलर्जी आहे असे समजत नाही. शिवाय लक्षणेही नीट पाहिली तर सारखी नाहीत. पित्त उठते तेव्हा कातडीवर फुगलेल्या, कडा असलेल्या गांधी येतात. त्या आता दंडावर, तर घटकाभराने मांडीवर, अशा जागा बदलतात. म्हणून तर आपल्याकडे आमसुलाचे पाणी अंगभर चोळण्याची रीत पडली. नायसिनच्या लालीत सहसा गांधी नसतात. ती सपाट, पसरट असते, चेहऱ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात येते, आणि तिची वेळ घड्याळ लावून सांगता येते.

पण खरा फरक लक्षणांत नाही, वागण्यात आहे. ॲलर्जी निवडक असते. शंभर माणसांनी शेंगदाणे खाल्ले तर एखाद्यालाच त्रास होतो, आणि त्याला होतो तो चिमूटभर कुटानेही. नायसिनचे उलटे आहे. निकोटिनिक ॲसिडची मोठी मात्रा पहिल्यांदा घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना लाली येते, आणि तीच माणसे रोजच्या अन्नातले नायसिन विनातक्रार पचवतात. शेंगदाण्यातच शंभर ग्रॅममागे बारा ते चौदा मिलिग्रॅम नायसिन असते. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज साधारण तेवढीच. तीसेक मिलिग्रॅमच्या पुढे, तेही रिकाम्या पोटी एकदम घेतल्यावर, लालीची शक्यता सुरू होते. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1998 साली पूरक गोळ्या आणि पोषणमूल्य वाढवलेले अन्न यांतून मिळणाऱ्या नायसिनसाठी दिवसाला 35 मिलिग्रॅमची वरची मर्यादा आखली, ती याच लालीच्या आधारे. बहुतेकांना होणारी, मात्रेबरोबर वाढणारी, मात्रा उतरवली की नाहीशी होणारी प्रतिक्रिया ॲलर्जी कशी? मग दारूने झिंग येते तीही ॲलर्जीच म्हणावी लागेल.

1983 साली न्यूयॉर्क राज्यात घडलेला एक प्रकार इथे साक्षीला बोलवावासा वाटतो. एका सामूहिक न्याहारीनंतर काही जणांचे अंग एकाएकी लाल झाले, खाज सुटली, आग होऊ लागली. वरवर पाहणाऱ्याने अन्नाची ॲलर्जी म्हणून प्रकरण मिटवले असते. तपास झाला, आणि बोट पंपरनिकल नावाच्या काळपट पिठाच्या बेगल-पावांवर आले. त्या पिठात चुकून नायसिनची भरमसाट मात्रा पडली होती. एकाच टेबलावर इतक्या जणांना एकदम त्याच वस्तूची ॲलर्जी जडत नसते. तो मात्रेचा गुण होता. मांसाचा रंग ताजा दिसावा म्हणून निकोटिनेट मिसळण्याची खोड काही विक्रेत्यांना होती, तेव्हाही असेच सामूहिक प्रकार नोंदले गेले आहेत.

आता तर्काचा आधार, म्हणजे हिस्टामिन. इथे मी प्रतिपक्षाची एक बाजू आपणहून मान्य करतो. होफर आणि त्यांच्या समकालीनांनी 1950 च्या दशकात हिस्टामिनवर संशय घेतला, त्यात मूर्खपणा नव्हता. त्या काळी रक्तवाहिन्या रुंदावणारे सर्वांत परिचित द्रव्य तेच होते. प्रोस्टाग्लँडिनांची रासायनिक रचना तोवर उलगडलेली नव्हती. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच रोखते, हे जॉन व्हेन यांनी दाखवले 1971 मध्ये. त्या साऱ्या संशोधनाला नोबेल मिळाले 1982 मध्ये. ज्या द्रव्याची ओळखच झालेली नाही, त्याच्यावर संशय घेणार कोण? होफर यांची चूक त्यांच्या काळाची होती. पण तीच चूक आज उगाळणाऱ्यांना ती सबब मिळत नाही.

कारण पुरावा गोळा झालेला आहे, आणि तो एकाच दिशेला बोट दाखवतो. तो उलगडून सांगण्यात मला आनंद आहे, कारण वैद्यकातल्या फार थोड्या गुन्ह्यांचा तपास इतका नेटका झाला आहे.

पहिला धागा ॲस्पिरिनचा. नायसिनच्या अर्धा तास आधी ॲस्पिरिन घेतले तर लाली स्पष्टपणे कमी होते. ॲस्पिरिन हिस्टामिनला हात लावत नाही. लाली हिस्टामिनची असती, तर ॲस्पिरिनने ती उतरण्याचे कारण काय? इंडोमेथासिन हे त्याच कुळातले औषध. त्यानेही लाली दबते, हे 1970 च्या दशकातच दिसले होते. वाटेत प्रोस्टाग्लँडिन आहे, ही शंका तिथून आली.

दुसरा धागा अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचा, आणि तो मला विशेष बोलका वाटतो. याच वर्तुळातल्या संशोधकांनी 1980 मध्ये मास्टोसायटोसिस या विकारात, म्हणजे मास्ट पेशींची बेसुमार वाढ होते त्या आजारात, प्रोस्टाग्लँडिन डी-२ फार मोठ्या प्रमाणात तयार होते हे दाखवले होते. या रुग्णांनाही लालीचे झटके येतात. म्हणजे मास्ट पेशींवर संशय घ्यायला जगात यांच्यापेक्षा लायक माणसे नव्हती. 1989 मध्ये त्यांनी निरोगी माणसांना निकोटिनिक ॲसिड दिले आणि रक्त तपासले. प्रोस्टाग्लँडिन डी-२ भरपूर सुटलेले होते. आणि हिस्टामिन? ते वाढलेले नव्हते. मास्ट पेशी फुटली असती तर दोन्ही सांडायला हवीत, कारण ती दोन्ही तिच्याच कोठारात आणि कारखान्यात असतात. एकच सापडले. याचा अर्थ प्रोस्टाग्लँडिनचा उगम दुसरीकडे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला; आणि पुढच्या कामात तो उगम प्रामुख्याने कातडीत असल्याचे दाखवून दिले. ज्यांचा संशय मास्ट पेशींवर असणे स्वाभाविक होते, त्यांनीच मास्ट पेशींना सोडून दिले. याहून निःपक्षपाती साक्ष कुठली?

मग कातडीतली कोणती पेशी? 2003 मध्ये निकोटिनिक ॲसिड ज्याला जाऊन चिकटते तो रिसेप्टर सापडला. त्याचे एक नाव जीपीआर-१०९-ए. निकोटिनामाइड त्याला नीट चिकटत नाही. त्याच्याने लाली का येत नाही, हे कोडे तिथल्या तिथे सुटले. ज्या उंदरांत हा रिसेप्टरच नव्हता, त्यांना नायसिन देऊनही लाली आली नाही. हा रिसेप्टर कातडीतल्या लँगरहान्स पेशींवर आणि केराटिनोसाइट पेशींवर असतो. नायसिन चिकटले की या पेशी प्रोस्टाग्लँडिन डी-२ आणि ई-२ तयार करतात, ती रक्तवाहिन्यांवरच्या आपापल्या रिसेप्टरांना भिडतात, वाहिन्या रुंदावतात, आणि माणूस आरशासमोर जाऊन दचकतो. या साखळीत ॲलर्जीचे आयजीई प्रतिपिंड कुठे आहे? कुठेच नाही. मास्ट पेशी फुटल्याची खूण कुठे आहे? कुठेच नाही.

राहिला चौथा, सर्वांत भक्कम आधार: द्रव्य तर तेच, मग नाते का नाही? वाचकहो, याचे उत्तर एका औषधाच्या अपयशात दडलेले आहे. प्रोस्टाग्लँडिन डी-२ रक्तवाहिनीवरच्या ज्या रिसेप्टरवर बसते, तो अडवणारे लॅरोपिप्रँट नावाचे औषध तयार झाले. नायसिनबरोबर ते दिले की लाली कमी झाली. इथवर ठीक. संशोधकांनी मग तोच प्रश्न विचारला, जो प्रतिपक्ष आज विचारतो. हे द्रव्य ॲलर्जीतही असते, तर हेच औषध दमा आणि ॲलर्जिक सर्दीवर चालेल का? रुग्णांवर चाचणी झाली, 2009 मध्ये ती प्रसिद्ध झाली. औषध चालले नाही. तेच द्रव्य, तोच रिसेप्टर, तीच अडवणूक: नायसिनची लाली दबते, ॲलर्जी दबत नाही. दोन रोगांत एक द्रव्य समान असणे आणि दोन रोग समान असणे, यांत महदंतर आहे, आणि ते या चाचणीने मोजून दाखवले. प्रोस्टाग्लँडिन डी-२ चा दुसरा एक रिसेप्टर ॲलर्जीच्या पेशींवर असतो, हे खरे. त्याला अडवणारे फेविपिप्रँट हे औषधही दम्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या चाचण्यांत उतरले नाही. ॲलर्जी हे एका द्रव्याचे नाटक नव्हे.

आता आरती करणाऱ्या पक्षाकडे वळू. त्यांचा आवडता पुरावा असा: नायसिन रोज घेत गेले की लाली दिवसेंदिवस कमी होते, म्हणजे हिस्टामिनचा साठा रिकामा होत गेला, शरीर शुद्ध झाले. लाली कमी होते, हे निरीक्षण अचूक आहे. अनेकांत आठवड्या-दोन आठवड्यांत फरक पडतो. पण जे हिस्टामिन वाढलेलेच नव्हते, त्याचा साठा रिकामा झाला कसा? शरीराला नायसिनची अशी सवय होत जाते तेव्हा प्रोस्टाग्लँडिन डी-२ च्याच खुणा घटत जातात, असे 1991 च्या अभ्यासात दिसले. काही दिवस गोळी चुकवा, लाली पूर्वीच्याच जोमाने परत येते. शुद्ध झालेले शरीर चार दिवसांत पुन्हा अशुद्ध झाले म्हणायचे काय? शुद्धीच्या याच कल्पनेपोटी सायंटॉलॉजी पंथाच्या शुद्धीकरण-विधीत मोठ्या मात्रेतले नायसिन आणि तासन्‌तास सॉनाची तापलेली खोली यांची सांगड घातली गेली. लघवीच्या तपासणीत अमली पदार्थ सापडू नयेत म्हणून अमेरिकेत काही तरुणांनी मुठीने नायसिन खाल्ले. अमली पदार्थ काही धुतले गेले नाहीत. रुग्णालयात दाखल झालेल्या अशा काहींची यकृते मात्र दुखावली. 2007 मध्ये हे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले.

निकोटिनामाइडने प्राण्यांवरच्या प्रयोगांत हिस्टामिनचा परिणाम कमी केल्याचे 1970 च्या दशकातले दाखले आहेत, हे मी लपवत नाही. पण ते निकोटिनामाइडचे आहेत, लाली आणणाऱ्या निकोटिनिक ॲसिडचे नव्हेत. आणि प्राण्यांवरून माणसाच्या सर्दीपडशापर्यंत पूल बांधायला माणसांवरच्या चाचण्या लागतात.

एक प्रामाणिक अपवाद नोंदवतो. नायसिनची खरी ॲलर्जी होतच नाही, असे मी म्हणत नाही. ती दुर्मिळ आहे, पण आहे. ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, अंगभर गांधी, घशात आवळल्यासारखे होणे, श्वासाला घरघर, एकाएकी रक्तदाब कोसळून शुद्ध हरपणे: यांतले काहीही झाले तर तो वादाचा विषय नाही, तातडीने रुग्णालय गाठण्याचा आहे. शिवाय गोळी म्हणजे केवळ औषध नव्हे. तिच्यात रंग असतो, लेप असतो, भरणीचे पदार्थ असतात. टार्ट्राझिन या पिवळ्या रंगाने काही जणांना, विशेषतः ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांना, त्रास होऊ शकतो. अशा वेळी दोष रंगाचा आणि बदनामी जीवनसत्त्वाची, असे होते. तोंडाला लावायच्या नायसिनामाइडच्या सीरमांचे प्रकरण याच वाटेचे आहे. ते लावून कोणाचा चेहरा लाल झाला, तर सीरममधले इतर घटक किंवा त्यात अंशाने मिसळलेले निकोटिनिक ॲसिड ही शक्यता आधी तपासावी. ॲलर्जीचा शिक्का नंतर मारावा.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. लालीला ॲलर्जी म्हटले काय, न म्हटले काय, शेवटी त्रास तर होतोच ना? इथेच माझा खरा आक्षेप आहे. हे चुकीचे निदान निरुपद्रवी नाही. ते माणसाला लालीपासून पळवते आणि त्याहून वाईट ठिकाणी नेऊन सोडते.

ते ठिकाण म्हणजे सावकाश विरघळणारी गोळी. लाली नको म्हणून बाजारात नायसिनच्या अशा गोळ्या आल्या. लाली खरेच कमी झाली, आणि घेणाऱ्याला वाटले, ॲलर्जी टळली. 1994 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दोन्ही प्रकारांची तुलना प्रसिद्ध झाली. सावकाश विरघळणारे नायसिन घेणाऱ्या 23 जणांपैकी 12 जणांत यकृताला इजा झाल्याची चिन्हे आढळली. लगेच विरघळणारे, म्हणजे लाली आणणारे नायसिन घेणाऱ्यांत असा एकही नव्हता. पुन्हा वाचा. चेहरा लाल करणाऱ्या गोळीने यकृत राखले. चेहरा न बिघडवणाऱ्या गोळीने ते दुखावले. नायसिन हळूहळू सुटत राहिले की यकृतात त्याची वाट बदलते, आणि दुसऱ्या मार्गाने बनणारी उपउत्पादने यकृताला जाचतात, असा याचा खुलासा केला जातो. लाली ही निदान दिसणारी खूण आहे. यकृताचे नुकसान आरशात दिसत नाही.

आणि हा एकच दोष नाही. मोठ्या मात्रेतले नायसिन रक्तातली साखर चढवते, युरिक ॲसिड वाढवून गाउटला आमंत्रण देते, पोटातला अल्सर चाळवते. नेत्रपटलाच्या मध्यभागी पाणी साचून दृष्टी अंधुक होते, हा दुर्मिळ परिणाम 1973 पासून ज्ञात आहे. गोळी थांबवली की तो सहसा ओसरतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला उठताना भोवळ येऊ शकते. ऊर्जापेयांतूनही नायसिन जाते. रोज चार-पाच डबे, असे तीन आठवडे पिणाऱ्या पन्नाशीच्या एका गृहस्थाला तीव्र हिपॅटायटिस झाल्याची नोंद 2016 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या रुग्णनोंदींत आहे. यांतल्या एकाही परिणामाला अँटिहिस्टामिनची गोळी उपयोगी नाही. ॲलर्जी आहे असे समजून ती गोळी घेणारा माणूस निश्चिंत होतो, एवढेच.

हे सारे सोसून मिळते काय, हेही विचारले पाहिजे. कोलेस्टेरॉलचे आकडे सुधारतात म्हणून नायसिन दीर्घकाळ दिले गेले, आणि जुन्या एका मोठ्या चाचणीत त्याचे काही श्रेय दिसलेही. पण स्टॅटिनच्या जोडीला ते देऊन पाहिल्यावर चित्र पालटले. अमेरिकेतली एक चाचणी 2011 मध्ये फायदा दिसेना म्हणून मुदतीआधीच थांबवली गेली. पाठोपाठ 25,673 रुग्णांवरची, ब्रिटन, स्कँडिनेव्हिया आणि चीनमध्ये झालेली चाचणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नायसिन आणि लॅरोपिप्रँट ही जोडगोळी होती. हृदयविकार आणि पक्षाघात लक्षणीय घटले नाहीत. मधुमेह, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग मात्र वाढले. त्या गोळीची विक्री युरोपात 2013 मध्येच थांबली होती. लॅरोपिप्रँटने लाली आवरली आणि नायसिनचा बाकीचा हिशेब उघडा पडला. लाली हाच नायसिनचा दोष असता, तर ती आवरल्यावर प्रश्न मिटायला हवा होता.

उलट बाजूही विसरू नये, कारण ती आपल्या दारातली आहे. नायसिन कमी पडल्याने होणारा पेलाग्रा मका खाणाऱ्या युरोप-अमेरिकेपुरता नव्हता. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो आढळला. आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हैदराबादच्या संस्थेचे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाचे आधिक्य नायसिनच्या आड येते, असा सिद्धान्त 1960 मध्ये मांडला. पुढे त्यावर वाद झाले. पण रोग खरा होता. पेलाग्रातही कातडी लाल होते, सोलते, काळवंडते; उन्हाला उघड्या पडणाऱ्या हातांवर आणि गळ्याभोवती हारासारखी. क्षयरोगावरच्या आयसोनायझिडनेही तो क्वचित उद्भवतो, आणि तेव्हा ते पुरळ औषधाची किंवा उन्हाची ॲलर्जी समजले जाण्याचा धोका असतो. आता कल्पना करा: अशा रुग्णाच्या फायलीवर आधीच 'नायसिनची ॲलर्जी' असे लिहिलेले आहे. ज्या औषधाने त्याचा पेलाग्रा काही दिवसांत उतरू लागला असता, तेच त्याला नाकारले जाईल. एका तासाच्या लालीवरून मारलेल्या शिक्क्याची ही किंमत आहे.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. पुढच्या खेपेस डॉक्टर विचारतील, "कशाची ॲलर्जी?" तेव्हा नायसिनचे नाव घेण्याआधी चार गोष्टी सांगा: निकोटिनिक ॲसिड होते की निकोटिनामाइड, किती मिलिग्रॅमचे होते, किती मिनिटांत लाली आली आणि किती वेळात गेली, सूज किंवा श्वासाचा त्रास होता की नव्हता. लाली टाळण्यासाठी ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका. अल्सर किंवा दमा असणाऱ्याला ते महागात पडेल. आणि दिवसाला पाचशे-हजार मिलिग्रॅम नायसिन कोणी ॲलर्जीचा उतारा म्हणून सुचवत असेल, तर लाली आली की नाही हे विचारत बसू नका. यकृताच्या आणि साखरेच्या तपासण्या कधी झाल्या, ते विचारा.

ॲलर्जीच्या आरोपातून नायसिन सुटते. मोठ्या मात्रेने यकृत, साखर आणि डोळे यांना केलेल्या इजेच्या आरोपातून ते सुटत नाही.